दुपारची तपासणी

वैदेहीने घरातला एकुलता एक टेबलफॅन उचलला, वरच्या खोलीत नेला आणि पेटीच्या तोंडासमोर ठेवून फुल्ल सोडला. मग खुर्चीत बसून ती पडद्यावरच्या निळ्या पट्टीकडे बघू लागली. बिरवाडीच्या एका लग्नाचं चित्रीकरण पेटीतून तिच्या कॉम्प्युटरवर येत होतं. सकाळी हेच काम चार मिनिटांत झालं असतं. आता दुपारचे अडीच वाजले होते आणि पट्टीखाली लिहिलं होतं, एक तास बावन्न मिनिटे. ती बघत असतानाच त्याचे दोन तास सात मिनिटे झाले. एप्रिलच्या महाडमध्ये घरातली माणसं घामाने निथळत होती आणि वारा खात होती पेटी.

पेटी म्हणजे दिसायला एक काळा डबा, साधारण तांदळाच्या डब्याएवढा. आत सहा एसएसडी. सहांचा मिळून एकच मोठा साठा दिसावा आणि त्यातला एखादा बिघडला तरी आतलं काही जाऊ नये, अशी तिची रचना होती. ती केली होती वैदेहीच्या धाकट्या भावाने, निषादने. तो पुण्यात एका कंपनीत हेच काम करतो. चित्ररेखा स्टुडिओचं जे काही होतं ते सगळं त्या पेटीत होतं. वैदेहीच्या नवऱ्याने, देवव्रतने, शूट केलेली लग्नं, साखरपुडे, बारशी. आणि सासऱ्यांनी, रघुवीरांनी, लोकांच्या घरचे जुने फोटो मागून आणून स्कॅन केलेले साठेक हजार. तळमजल्यावर दुकान, पहिल्या मजल्यावर घर आणि दुसऱ्यावर पेटी. मोलाची वस्तू कुठे ठेवायची हे महाडात आता कुणाला सांगावं लागत नाही.

पाच महिने हे असं चाललं होतं. सकाळी पेटी पळायची, जेवणं झाली की बसायची. संध्याकाळी निषाद ऑफिसातून घरी येऊन पुण्याहून जोडला जायचा, तेव्हा ती पुन्हा पळत असायची. दुखणं डॉक्टरसमोर नेमकं थांबावं तसं. तरी तो बिचारा सांगत राहिला आणि वैदेही करत राहिली. केबल बदलली. मधला स्विच बदलला. जागा भरत आली की एसएसडी मंदावतात म्हणून देवव्रतने जिवावर उदार होऊन चार वर्षांचं कच्चं चित्रीकरण पुसलं. सहापैकी चौथ्या एसएसडीवर संशय आला, तो काढून नवा बसवला. जुना निर्दोष निघाला. मग उन्हावर आळ आला, आणि टेबलफॅन वर गेला.

देवव्रत तसा शांत माणूस, पण लग्नसराई कुणालाच शांत ठेवत नाही. दिवसा शूटिंग, रात्री प्रवास, आणि घरी आल्यावर बायको सांगणार की आजही अर्धंच झालं. गेल्या दोन महिन्यांत तीन गिऱ्हाइकांना फिल्म उशिरा गेली होती. पोलादपूरच्या एका नवरीच्या भावाने तर दुकानात उभं राहून, चार लोकांसमोर विचारलं होतं की आता पाळण्याचं शूटिंग करायला याल तेव्हाच लग्नाची फिल्म देणार का. देवव्रत त्या दिवशी जेवला नव्हता. त्याच्या पनवेलच्या मित्राकडे, सुहासकडे, एडिटिंगची मोठी जागा होती, मशिनं होती आणि एका जोडप्याला पुरेल एवढं काम होतं. देवव्रतने शब्द दिला होता. महिनाअखेरपर्यंत पेटी सुधारली तर ठीक, नाहीतर एक मेला सुहासची गाडी येईल, पेटी जाईल आणि पाठोपाठ ते दोघंही जातील. बाबांनी हवं तर यावं, हवं तर दुकान बघत इथे राहावं.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बडीशेप चघळत होते. म्हणाले, मी पनवेलला येऊन काय करू? मग थोड्या वेळाने विचारलं, पेटी न्यायलाच हवी का? देवव्रतने त्यांना समजावलं की पेटीशिवाय काम कसं होणार. त्यांनी मान हलवली. वैदेहीला तेव्हा वाटलं होतं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माणूस घराबद्दल विचारेल, पोराबद्दल विचारेल. यांनी पेटीचं विचारलं.

तिला स्वतःला जायचं नव्हतं. महाड तिचं माहेरही नव्हतं, ती साताऱ्याची. पण पुरानंतर या घरातला चिखल तिने आपल्या हातांनी उपसला होता, आणि उपसलेलं घर सोडून जाणं तिला जड वाटत होतं. ते कुणाला पटवून देता येईल असं कारण नव्हतं, म्हणून ती बोलत नसे. पेटी सुधारली की प्रश्नच मिटेल, एवढंच ती धरून बसली होती.

सोळा एप्रिलला निषादने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पहिल्यांदा भर दुपारी जोडला गेला. फोन कानाला लावून वैदेही पेटीशेजारी बसली होती. त्याच्या कीबोर्डचा आवाज येत होता, मग तो थांबला.

"ताई, आत्ता तुझ्याकडे तपासणी चालू आहे."

तिने विचारलं, कसली तपासणी? निषादने सांगितलं की पेटीत एक सोय असते. ती सुरू केली की पेटी आपल्या पोटातली प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून बघते, कुठे काही खराब झालं नाही ना. तेवढा वेळ बाकी सगळी कामं रांगेत थांबतात. त्याने ती महिन्यातून एकदा, पहाटे, आपोआप होईल अशी लावून ठेवली होती. संध्याकाळी तो बघायचा तेव्हा तिथे 'त्रुटी शून्य' एवढंच दिसायचं आणि तो पुढे जायचा. ती तपासणी त्याच दुपारची असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"ही कुणीतरी हाताने सुरू केलीय," तो म्हणाला. "थांब, यादी काढतो. काल पावणेदोन. परवा पावणेदोन. रविवारीसुद्धा. अगं, नोव्हेंबरपासून रोज आहे."

"कुणी?"

"नाव आहे इथे. रघुवीर."

वैदेही खाली आली. जेवणानंतर बाबा पडतात, असं सगळं घर समजून होतं. त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिने ते ढकललं. रघुवीर खिडकीजवळच्या टेबलाशी, पाठ ताठ ठेवून बसले होते. समोर फोटोंना नावं देण्यासाठी निषादने त्यांना दिलेला लॅपटॉप. अंगात धुतलेला सदरा होता, एखाद्या ठिकाणी जायचं असावं तसा. चाहूल लागताच त्यांनी मान न वळवता हाताने तिला जवळ बोलावलं.

"ये. एक्केचाळीस टक्के झालं. अजून एकही नाही."

"काय एकही नाही, बाबा?"

"खराब."

ती स्टूल ओढून शेजारी बसली. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि खाली लिहिलं होतं, त्रुटी शून्य. रघुवीर त्या शून्याकडे बघत होते. पट्टीकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. बेचाळीस झाले तेव्हा त्यांनी श्वास सोडला, आणि वैदेहीच्या लक्षात आलं की तो त्यांनी धरून ठेवला होता.

हे बटण त्यांना निषादनेच दाखवलं होतं, पेटी बसवली त्या दिवशी. म्हाताऱ्याला धीर यावा म्हणून. बाबा, हे दाबलं की ही एकेक फोटो उघडून बघते, जागेवर आहे का, शाबूत आहे का. इतक्या चांगल्या मनाने सांगितलेली गोष्ट इतकी महागात पडेल, हे कुणाला कळणार होतं?

दोन हजार पाच सालच्या पुराची रेघ दुकानाच्या भिंतीवर होती. रघुवीरांनीच ती लाल रंगाने मारून ठेवली होती, आणि सोळा वर्षं तिच्या भरवशावर काढली होती. एकवीसच्या जुलैत पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांनी कॅमेरे वर नेले, गिऱ्हाइकांच्या तयार फ्रेमा वर नेल्या, दुकानातली गणपतीची तसबीर वर नेली. चौतीस वर्षांच्या निगेटिव्ह त्यांनी कपाटातून काढल्या आणि त्या रेघेच्या हातभर वरच्या फळीवर रचल्या. हातभर पुरेल, असं महाडातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला वाटलं असतं. पाणी त्या फळीच्याही वर पुरुषभर गेलं. नंतर महिनाभर रघुवीर बादलीत पाणी घेऊन एकेक निगेटिव्ह सोडवत बसले होते. निगेटिव्ह सुटायची, तिच्यावरचं माणूस बोटाला लागून यायचं.

त्याच दुपारी, स्टुलावर बसल्या बसल्या, वैदेहीने बोलायचं ठरवलं आणि ती बोलली. अगदी जपून. पेटी यामुळे संथ होते, काम अडतं, महिन्यातून एकदा आपोआप तपासणी होतेच, तेवढी पुरेशी आहे असं निषाद म्हणतो. रघुवीरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा शाळेत पकडलेल्या पोरासारखा झाला.

"अगं, मग आधी सांगायचंस ना," ते म्हणाले. "माझ्यामुळे तुमचं एवढं खोळंबत होतं?"

आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. देवव्रतला तिने काही सांगितलं नाही. थकून आलेला माणूस आधी बाबांवर आवाज चढवेल, मग रात्रभर स्वतःला खात बसेल, हे तिला ठाऊक होतं.

शुक्रवार-शनिवार पेटी दिवसभर पळाली. वैदेहीने दोन दिवसांत एक अख्खी फिल्म संपवली. रविवारी दुपारी जेवायला हाक मारली तर बाबा घरात नव्हते. थोड्या वेळाने ओळखीच्या औषधवाल्याचा फोन आला की काका गांधारीच्या पुलावर उभे आहेत, उन्हात, टोपीसुद्धा नाही. ती रिक्षा करून गेली. रघुवीर कठड्याला हात टेकून खाली बघत होते. नदीत दगड होते आणि दगडांमधून घोट्याएवढं पाणी.

"पाणी किती आहे बघायला आलो होतो," ते म्हणाले.

"किती आहे?"

"काही नाही." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "मला दिसतंय गं, काही नाही ते."

रिक्षात बसल्यावर त्यांनी आपणहून बनुबाईची गोष्ट काढली. वैदेहीला ती माहीत नव्हती. पुरानंतर दोनेक महिन्यांनी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून ही बाई आली होती, पदरात शहाण्णव सालची पावती बांधून. नवरा वारला होता, घरात त्याचा एकही फोटो नव्हता, पण लग्नातला एक रघुवीरांनी काढला होता हे तिला आठवत होतं. पावती त्यांचीच, अक्षर त्यांचंच, निगेटिव्हचा नंबरही घातलेला. तो नंबर हातात धरून ते तिच्यापुढे उभे राहिले.

"ती भांडली असती तर बरं झालं असतं," रघुवीर म्हणाले. "म्हणाली, 'ऱ्हाव द्या भाऊ, तुमचा पन गेलाच हाय. पान्याला काय बोलनार.' आणि मलाच पाणी प्यायला दिलंन तांब्यातलं."

वैदेहीने त्यांचा हात धरला. तो इतका तापलेला होता की तिला भीती वाटली.

सोमवारी ते सकाळपासून लॅपटॉपवर एकेक फोटो उघडून बघत बसले. उघडायचा, बघायचा, मिटायचा, पुढचा. जेवायला उठले तेव्हा सातशे झाले होते. साठ हजारांतले सातशे. रात्री त्यांनी ताट तसंच सारलं. मंगळवारी पावणेदोन वाजता वरच्या खोलीत वैदेहीसमोरची निळी पट्टी अडखळली, आणि चार मिनिटांचे दोन तास झाले.

ती खाली गेली नाही. टेबलावर डोकं टेकून ती रडली, आणि रडताना तिला बाबांचा भयंकर रागही आला. डब्यातले चेहरे जाऊ नयेत म्हणून हा माणूस रोज दुपारी डबा घराबाहेर घालवायचं काम करत होता, आणि हे त्याला सांगून झालं होतं, समजलंही होतं. यापुढे सांगण्यासारखं तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. निषादला फोन केला तर तो म्हणाला, एका मिनिटात त्यांचा अधिकार काढून टाकतो, बटण दिसणारच नाही. ती नको म्हणाली. एक मे दहा दिवसांवर आला होता.

शुक्रवारी ती पावणेदोनच्या आधी खाली आली. बाबांना म्हणाली, आज मी पण बसते. आपला लॅपटॉप घेऊन ती त्यांच्या पाठीमागे पलंगावर बसली आणि तपासणीचं तेच पान उघडलं. पडद्यावर जे चाललंय त्याचा व्हिडिओ करणं हे तिला रोजचं काम. पावणेतीन तास तिने तपासणी शून्य टक्क्यापासून शंभरापर्यंत चित्रित केली. रघुवीर मधून मधून मागे वळून तिच्याकडे बघत होते, सोबत मिळाल्यासारखे. शंभर झाले, त्रुटी शून्य आली, आणि ते पहिल्यांदाच तिच्यासमोर हसले.

त्या संध्याकाळी, ते मारुतीच्या देवळात गेलेले असताना, तिने निषादकडून त्यांचा अधिकार काढून घेतला. त्यांच्या लॅपटॉपवर जिथे बटण होतं त्याच जागी तसंच चित्र ठेवलं. दाबलं की पडदाभर तो व्हिडिओ सुरू व्हावा.

"ताई, हे बरोबर आहे का?" निषादने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरी तपासणी महिन्याची महिन्याला होते ना?"

"होते."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी पावणेदोनला तिचे कान खालच्या मजल्याकडे लागले होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काही नाही. निळी पट्टी झरझर पुढे गेली. साडेचारला रघुवीर बाहेर आले, चहा मागितला, आणि चहाबरोबर दोन खारी खाल्ल्या. रोज तसंच झालं. पोलादपूरची फिल्म गेली, बिरवाडीची गेली. एकोणतीसला देवव्रतने सुहासला फोन करून गाडी पाठवू नकोस म्हणून सांगितलं. फोन ठेवून त्याने वैदेहीला विचारलं की तुझ्या भावाने अखेर केलं तरी काय. एक सेटिंग चुकलं होतं, ती म्हणाली. पाच महिने एक सेटिंग सापडत नव्हतं म्हणून देवव्रतने निषादची यथेच्छ टर उडवली आणि टेबलफॅन खाली आणला. वैदेहीही हसली. फसवल्याची टोचणी होतीच, पण बाबा जेवत होते, झोपत होते, पुलावर जात नव्हते. तेवढ्यावर ती स्वतःची समजूत घालत होती.

मे अर्धा सरला. एका दुपारी ती वर काम करत असताना रघुवीरांनी जिन्यातून हाक मारली. तशी ते कधी मारत नसत. ती खाली गेली. ते टेबलाशी बसले होते, सदरा धुतलेला, चष्मा कपाळावर सरकवलेला. व्हिडिओ त्यांनी थांबवून ठेवला होता. एक्केचाळीस टक्क्यांवर. खऱ्या तपासणीला असं थांबवता येत नाही, हे वैदेहीच्या लगेच ध्यानात आलं. ती दाराशीच उभी राहिली.

"बस," ते म्हणाले.

ती बसली. रघुवीरांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खालच्या बाजूला बोट टेकवलं. तिथे बारीक अक्षरांत चोवीस एप्रिल लिहिलेलं होतं, आणि शेजारी वेळ.

"हे कापायचं राहिलं तुझ्याकडून."

कधीपासून, असं तिने विचारलं.

"पहिल्या दिवशीच दिसलं." ते तिच्याकडे बघत नव्हते. "चांगलं केलंस. काम तर व्हायला हवं. पण मी इकडे शून्याकडे बघायला जातो आणि डोळा सारखा तिकडे जातो. तेवढी तारीख झाकता येईल का गं?"

तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला. कोपऱ्यावर एक काळी पट्टी टाकायची, इतकंच काम होतं. दोन मिनिटांचं. तिला ते करायला दहा मिनिटं लागली, कारण पडदा तिला नीट दिसत नव्हता. रघुवीर शेजारी हात मांडीवर ठेवून, घाई न करता थांबले होते. झाल्यावर तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, कोपरा तपासला, मान डोलावली आणि खुर्ची टेबलाजवळ घेतली.

"हां," ते म्हणाले. "आता लाव पहिल्यापासून."